जखिऱ्याचे पाणी

ओहोटीची वेळ बघून बसा. मालवणात असाल तर दांडीच्या किनाऱ्यावर, मोरयाच्या धोंड्याच्या आसपास. नसाल तर घरातच, कोणी हाक मारणार नाही अशा जागी. बरोबर आपली पिशवी आणा. घराबाहेर पडताना जी खांद्याला असते, तीच. कोणाची ती समुद्रावर नेण्याची असेल, कोणाची रात्रपाळीची, कोणाची शेवटच्या एसटीने उतरून वाडीपर्यंत चालत जाण्याची, कोणाची एकटीने प्रवास करतानाची. अजून ती उघडू नका. समोर ठेवा आणि तिच्यात काय काय आहे ते न बघता आठवा.

त्यातल्या बहुतेक वस्तू सोयीच्या असतात. थोड्या मात्र अशा असतात की त्या वेळेला हाताशी नसतील तर जिवावर बेतते. बॅटरी, सुरी, दोरी, पिण्याचे पाणी, रोजचे औषध, शिटी, फोन. या थोड्या वस्तूंपुरताच आज विचार करायचा आहे. त्यातली प्रत्येक एकच असावी, की तिला जोड असावी? जोड असावी तर कशाची, आणि कुठे ठेवलेली?

कोणी म्हणेल, एवढा काय विचार करायचा, प्रत्येकाचे दोन-दोन नग घ्यावेत. कोणी म्हणेल, ओझे कशाला, आजवर काही झाले नाही. दोन्ही बोलण्यांत घाई आहे. आपण सावकाश जाऊ.

आता समोर बघा. मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्गाचा तट दिसतो. १६६४ च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर त्याचा पाया घातला गेला आणि १६६७ मध्ये किल्ला उभा राहिला. सुमारे ४८ एकरांचे बेट, चहूकडे खारे पाणी. पायाच्या दगडांत शिसे ओतले होते ही गोष्ट इथे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. आज मात्र मन तटावर ठेवू नका, आत न्या. आत तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. समुद्राच्या मधोमध गोडे पाणी म्हणून पाहुणे नवल करतात, ओंजळभर पितात आणि पुढे जातात. तुम्ही तिथेच थांबा. एका विहिरीला गोडे पाणी लागले असताना दुसरी कशाला, आणि तिसरी कशाला?

या प्रश्नाच्या जवळ जाणारे उत्तर रामचंद्रपंत अमात्यांनी लिहून ठेवले आहे. शिवाजी महाराजांच्या काळापासून राज्याची सेवा केलेल्या, अनेक चढउतार पाहिलेल्या या माणसाने १७१५ च्या सुमारास आज्ञापत्र लिहिले. गड कसा बांधावा हे सांगताना आधी पाणी पाहा, असे ते म्हणतात. आणि मग एक गोष्ट सांगतात, जी मला त्या ग्रंथातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. गडावर झरा आहे, आजवर तो पुरला आहे, एवढ्यावर निश्चिंत होऊ नका, असे ते बजावतात. लढाईत तोफांच्या दणक्याने झरे रोडावतात आणि नेमका त्याच वेळी पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून जखिऱ्याचे पाणी म्हणून दोन-चार टाकी निराळी बांधावीत आणि त्यातले पाणी एरवी कोणाला खर्चू देऊ नये.

हे पुन्हा एकदा मनात घोळवा. त्यात दोन वेगळी कारणे आहेत. संकट आधी त्या वस्तूलाच धक्का देते. शिवाय संकटात तीच वस्तू जास्त लागते. झरा निम्मा होतो आणि तहान दुप्पट होते.

आता हे आपल्या फोनला लावून पाहा. रोज संध्याकाळपर्यंत तो आरामात टिकतो. वादळाच्या रात्री टॉवर बंद पडतात, फोन रेंज शोधत राहतो, त्यात त्याचा चार्ज भराभर उतरतो आणि त्याच रात्री तुम्हाला एरवीपेक्षा अधिक फोन करायचे असतात. बॅटरीचेही तसेच. गोठ्यापर्यंत जाऊन येण्याच्या पाच मिनिटांत ती कधी दगा देत नाही. रात्रभर पेटती ठेवायची वेळ आली की पहाटेच्या आत तिचा उजेड पिवळा पडतो. होडीवर नेलेले पाणी दुपारी परतायचे असेल तर पुरते. इंजिन बंद पडले, भर उन्हात होडीत शिरलेले पाणी उपसत बसावे लागले, की तोच कॅन तासाभरात हलका होतो.

डोळे मिटा आणि तुमच्या पिशवीतला झरा कोणता ते शोधा. आजवर पुरलेली, म्हणूनच तुम्ही जिच्याकडे कधी लक्ष दिलेले नाही, अशी वस्तू. एकच निवडा. बाकीच्यांचा विचार नंतर.

सापडली असेल तर पिशवी उघडा आणि त्या वस्तूची जोड काढा. जादा बॅटरी असेल तर तिचे बटण दाबा. पेटली तर बरे. नाही पेटली तर मागचे झाकण फिरवून उघडा. बहुधा आतल्या स्प्रिंगवर पांढुरकी, कडेने हिरवट अशी खरखरीत खपली धरलेली दिसेल. सेल फुटून पाझरला, सुकला आणि पत्र्याला चिकटला. कधीतरी एका उन्हाळ्यात हे घडले आणि तुम्ही मात्र त्या बॅटरीच्या भरवशावर निर्धास्त होता. आमच्याकडे खारी हवा लोखंडाला सोडत नाही. सुरी म्यानातल्या म्यानात गंजते. लाइफ जॅकेटचे बंद उन्हाने विरतात आणि ओढले की तुटतात. काडेपेटी पावसाळ्यात सर्द होते.

अमात्यांच्या सांगण्यात इथे एक पेच आहे आणि त्यावर थोडे थांबायला हवे. जखिऱ्याचे पाणी खर्चू देऊ नका, हे बरोबर. पण ज्या टाक्याकडे कोणी फिरकत नाही त्यात गाळ साचतो, पाला कुजतो. राखून ठेवायचे आणि विसरायचे नाही, ही दोन्ही कामे एकदम करणे अवघड असते. रोज वापरात असलेली वस्तू बिघडली की आपोआप कळते. राखून ठेवलेली वस्तू बिघडली तर ती गरजेच्या क्षणापर्यंत गप्प राहते.

मच्छीमारांना याची तजवीज निसर्गाने आणि सरकारने मिळून करून दिली आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, झापांखाली झाकलेल्या असतात, जाळी दुरुस्त होत असतात. हंगाम उघडण्याआधी प्रत्येक वस्तूवरून हात फिरतो. तुमच्या वर्षात असा दिवस कोणता? दसऱ्याला शस्त्रे पुसायची चाल आहेच. त्या दिवशी घरातली सुरी, कोयता, दोरी यांच्या बरोबरीने जादा बॅटरी आणि औषधांची मुदत पाहिली तर काही बिघडत नाही. दिवस कोणताही ठरवा, पण तो आताच, इथे बसल्या बसल्या ठरवा. मग पुढे चला.

मालवणहून मन उत्तरेला न्या, देवगड तालुक्यात, विजयदुर्गाला. वाघोटन खाडीच्या तोंडावरचा हा किल्ला आंग्र्यांच्या आरमाराचे घर होता. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांचा ॲडमिरल वॉटसन जहाजे घेऊन आला, जमिनीवरच्या फौजेचा म्होरक्या क्लाइव्ह होता. तुळाजी आंग्र्यांकडे त्या वेळी एक-दोन गलबते नव्हती. मोठे आरमार होते, ज्याच्या धाकाने पश्चिम किनाऱ्यावर परदेशी व्यापारी जहाजे जपून चालत. ही गलबते किल्ल्याच्या आसऱ्याने एकमेकांना बांधून उभी केली होती. इंग्रजांचा एक गोळा येऊन त्यातल्या एका जहाजावर पडला. ते जहाजही मूळचे इंग्रजांचेच, ‘रेस्टोरेशन’ नावाचे, आंग्र्यांनी पूर्वी जिंकून घेतलेले. ते पेटले. एकाची आग दुसऱ्याला लागली, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि बघता बघता सगळे आरमार जळाले.

या ठिकाणी बराच वेळ बसा. मलाही इथून लवकर उठवत नाही. वर्षानुवर्षे राबून उभे केलेले सामर्थ्य गेले. त्याला नगांची कमतरता कारण नव्हती. नग भरपूर होते, पण ते एकाच जागी आणि एकमेकांना बांधलेले होते. पहिल्याला जे मारणार होते तेच दुसऱ्याला आणि दहाव्यालाही मारणार होते. त्या दिवशी खाडीच्या आत, दूर, एखादे साधे गलबत असते तर ते वाचले असते.

म्हणून जोड आहे का, एवढे विचारून भागत नाही. पहिली वस्तू ज्या कारणाने जाईल त्याच कारणाने दुसरी जाणार आहे का, हे विचारा. एकाच पिशवीत ठेवलेल्या दोन बॅटऱ्या पिशवी पाण्यात पडली की दोन्ही भिजतात. एकाच टाकीतले इंधन पिणारी दोन इंजिने टाकीत पाणी शिरले की पाठोपाठ बंद पडतात, आणि दुसऱ्या इंजिनाला घातलेले पैसे त्या दिवशी नुसते वजन होऊन होडीवर बसतात. इंजिनाची खरी जोड वल्हे. फोनवरच्या नकाशाची खरी जोड होकायंत्र, आणि त्याहून जुनी जोड म्हणजे किनाऱ्यावरच्या खुणा: अमका डोंगर तमक्या देवळाच्या रेषेत आला की आपण कुठे आहोत हे सांगणारी नजर. फोनची जोड शिटी. तिला चार्ज लागत नाही, रेंज लागत नाही, ओली झाली तरी झटकली की वाजते.

मालवणच्या समुद्रात पाण्याखाली खडक फार. नांगर खडकात अडकतो आणि सुटेना झाला की दोर कापून टाकावा लागतो. एका म्हाताऱ्या तांडेलांच्या होडीत मी दुसरा नांगर पाहिला आणि विचारले, “आबानू, ह्यो दुसरो नांगर कधी लागलो काय?” ते म्हणाले, “लागाक नाय म्हणान घराकडे ठेवलंय, तर लागतलो त्या दिसा तो घराकडेच आसतलो.” मग त्यांनी मला हात धरून दाखवले. पहिल्या नांगराचा दोर नाळेकडे, दुसऱ्याचा मागल्या बाजूला, वेगळ्या खुंट्याला, वेगळे वेटोळे करून, म्हणजे एक गुंतला तरी दुसरा मोकळा. सुरी नाळेजवळच्या फळीखाली खोचलेली, मुठीला सुतळी बांधलेली, कारण दोर कापायची वेळ येते तेव्हा हात ओले आणि थरथरते असतात. दुसरी सुरी निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात, घट्ट झाकणाखाली. त्याच पिंपात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली काडेपेटी आणि बॅटरी. पिंप स्वतः तरंगते. होडी उलटली तरी पिंप हाती लागेल, असा त्यामागचा विचार. या सगळ्याला खर्च फारसा आलेला नाही. प्रत्येक वस्तू कशाने जाऊ शकते, याचा विचार मात्र एकेक करून केलेला आहे.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी हीच गोष्ट २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने सांगितली. १६ मे रोजी ते आमच्या किनाऱ्याला घासून वर गेले. देवगडच्या आनंदवाडी बंदरात आसऱ्याला नांगरलेल्या नौका सुटून भरकटल्या आणि खलाशांचे प्राण गेले. गावोगाव माड, आंबे, विजेचे खांब पडले. कित्येक वाड्यांत दिवसेंदिवस वीज नव्हती. आणि वीज नाही म्हणजे विहिरीवरचा पंप नाही. भरल्या विहिरीच्या काठावर उभे राहून पाणी मिळेना, अशी गत झाली. ज्यांनी पंप बसवल्यावर रहाट काढून टाकला होता, त्यांना कळशी आणि दोर घेऊन शेजारच्या विहिरीवर जावे लागले. ज्यांनी पंपाची जोड म्हणून दुसरा पंप घेतला होता, त्यांचीही तीच अवस्था, कारण दोन्ही पंप एकाच तारेला लागलेले. दुकानात फोनवरून पैसे देता येईनात, एटीएम बंद. ज्याच्या फडताळात शंभराच्या थोड्या नोटा होत्या त्याच्या घरात मेणबत्त्या आणि दूध आले. गंजलेला रहाट, दोर, कंदील आणि रॉकेलची बाटली, चार नोटा. या जुन्या वस्तूंनी त्या आठवड्यात घरे चालवली आणि त्याचे कारण एवढेच की त्या नव्या वस्तूंसारख्या बंद पडत नाहीत.

आता आपली निवडलेली वस्तू हातात घ्या. ती कोणकोणत्या कारणांनी जाईल ते मनात म्हणा. पडेल. भिजेल. चोरीला जाईल. संपेल. हातातून हिसकावली जाईल. माझाच हात दुखावल्याने मला वापरता येणार नाही. शेवटचे कारण बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, म्हणून त्याच्यावर थोडे अधिक थांबू.

गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘थुरिया’ नावाची शिडाची नाव बांधली गेली. ती घेऊन भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात वादळाने नाव उलटीपालटी केली, डोलकाठी मोडली, त्यांची पाठ जबर दुखावली आणि उभे राहता येईना. एक उपग्रह फोन निकामी झाला. दुसरा फोन होता. अशाच प्रसंगासाठी वेगळ्या बांधून ठेवलेल्या पिशवीत तो होता, त्याच नावेत. त्यांना तिथपर्यंत जाता येत नव्हते. मजकूर पाठवण्याचे एक लहानसे निराळे यंत्र चालू राहिले, त्यावरून आपण चालू शकत नाही हे त्यांनी कळवले. २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती नौकेने त्यांना उचलले. पुढे पाठीवर शस्त्रक्रिया झाली, आणि २०२३ मध्ये ते तीच शर्यत पुरी करून दुसरे आले.

तयारीत कमी पडलेल्या माणसाची ही गोष्ट नाही. इतकी तयारी करणारा माणूस विरळा. म्हणूनच ती मनाला लागते. दुसरी वस्तू आहे, चालू आहे, कोरडी आहे आणि आपल्यापासून काही हात अंतरावर आहे. अशा वेळी ती नसल्यात जमा.

डोळे मिटा. समजा तुम्ही पडलात. उजवा हात हलत नाही. काळोख आहे. डाव्या हाताने, न उठता, तुम्हाला काय काय मिळेल? खरोखर हात फिरवून पाहा. पॅंटच्या खिशात काय आहे, ओढणीच्या टोकाला काय बांधले आहे, गळ्यात काय आहे. जे या कसोटीला उतरते तेच अंगावरचे. बाकीचे सामान. म्हणून मला वाटते, जोडीतली एक वस्तू पिशवीत असेल तर दुसरी अंगावर असावी. शिटी गळ्यात. लहानशी बॅटरी किल्ल्यांच्या जुडग्याला. रोजच्या औषधाची एक दिवसाची मात्रा खिशात, बाकीची पिशवीत. एवढ्याने ओझे वाढत नाही.

आतापर्यंत आपण जगण्यापुरत्या वस्तूंचा विचार केला. स्वसंरक्षणाच्या वस्तूंचा विचार निराळा करावा लागतो, कारण तिथे समोर माणूस असतो किंवा जनावर.

जनावराचे आधी सांगतो, ते सोपे आहे. आमच्या सड्यांवर फुरसे फार. लहानसे, मातीच्या रंगाचे, वाटेवर पडून असते आणि पाऊल जवळ आले तरी लगबगीने पळत नाही. त्याच्यापुढे काठी दुय्यम. खरे शस्त्र उजेड, आणि पायांत घोट्यापर्यंतचे बूट. उजेड गेला तर मागे वळण्यापुरता दुसरा उजेड हवाच हवा. चावलेच तर दोरी आवळत बसू नये, चिरे मारू नयेत, पाय हलू न देता सरकारी दवाखाना गाठावा. म्हणजे इथे जोड लागते ती वाहनाची: वाडीत रात्री गाडी काढू शकतील अशी दोन घरे माहीत असावीत, एक नव्हे.

माणसाचे अवघड आहे. एकट्याने, विशेषतः एकटीने, रात्री चालणाऱ्यांना पेपर स्प्रे ठेवा, चाकू ठेवा, शिवाय दुसरा ठेवा, असा सल्ला कोणीही देते. मी सल्ला देणाऱ्यांच्या काळजीचा मान राखतो, पण दुसऱ्या हत्याराबद्दल माझे मत वेगळे आहे. झटापट क्षणांची असते. पहिले हत्यार हातातून गेले की दुसरे शोधायला फुरसत मिळत नाही, आणि मिळालीच तर तेही समोरच्याच्या हाती जाण्याची भीती. इथेही अमात्यांकडेच जावेसे वाटते. किल्ल्याला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष, असे ते सांगतात. जागा पाहून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या कराव्यात, रोजच्या वहिवाटीला लागतील तेवढ्या उघड्या ठेवाव्यात आणि बाकीच्या चिणून टाकाव्यात. सिंधुदुर्गाचा महादरवाजा बुरुजांच्या वळणात असा लपवला आहे की जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि दुसऱ्या अंगाला राणीच्या वेळेवर, वाळूच्या लहानशा पट्टीवर, उतरायला वाट आहे. म्हणजे लढण्याच्या तयारीच्या बरोबरीने बाहेर पडायच्या वाटेची तयारी.

तुमच्या रोजच्या वाटेवर मनाने चाला. एसटीच्या थांब्यापासून घरापर्यंत. सावकाश, एकेक वळण आठवत. कुठल्या घरात रात्री अकरालाही दिवा असतो? कोणाच्या अंगणात न विचारता शिरता येईल? कुठल्या वळणानंतर मागे फिरणे सोपे, आणि कुठल्या वळणानंतर पुढे जाणेच जवळ? वाटेत कोण भेटला तर गप्पा मारत त्याच्याबरोबर चालता येईल? रोज चालूनही यातली निम्मी उत्तरे आपल्याला ठाऊक नसतात. ती ठाऊक करून घ्या. ११२ हा क्रमांक फोनमध्ये सहज लागेल असा ठेवा, आणि आईचा किंवा शेजारच्या काकींचा क्रमांक तोंडपाठ ठेवा, कारण फोन हिसकावला गेला तर दुसऱ्याच्या फोनवरून तोच लावायचा आहे. हत्यार बाळगायचेच तर एक, हाताला सवय झालेले. जोड वाटेला असू द्या.

इथवर आल्यावर मनात एक ओढ उठते. अजून एक घ्यावे. दोन बॅटऱ्या आहेत, तिसरी असावी. पाण्याचे दोन कॅन आहेत, चार असावेत. या ओढीकडे नीट बघा, तिला झिडकारू नका. जिवाची काळजी वाटणे चांगले. पण दुसरी वस्तू ठरवताना तुम्ही ‘ही कशाने जाईल’ असे विचारले होते. तिसरी घेताना तसे काही विचारले का? बहुधा नाही. तिथे भीतीच बोलत असते आणि तिला कितीही नग दिले तरी ती तृप्त होत नाही. होडीवरचे प्रत्येक किलो वजन होडी पाण्यात खाली बसवते. पाठीवरचे प्रत्येक किलो चढणीवर पाय जड करते, आणि दमलेला माणूस चुकतो. सिंधुदुर्गाभोवती पद्मगड, राजकोट, सर्जेकोट असे आणखी कोट होते. पण त्या प्रत्येकाला आपापली जागा होती, आपापले काम होते. नुसता आकडा वाढवायला कोणी कोट बांधला नाही. आणि इतके असूनही १७६५ मध्ये सिंधुदुर्ग इंग्रजांच्या हाती गेलाच. जोडीने संकट टळते असे नाही. परतीची एक वाट जास्त राहते. तेवढ्यासाठी जेवढे लागते तेवढे घ्यावे आणि बाकीचे खाली काढून ठेवावे. आता काढून ठेवा. तिसरे जे काही असेल ते पिशवीतून काढा आणि ज्याच्याकडे पहिलेही नाही अशा कोणाला देता येईल का, ते बघा.

शेवटी एक जोड राहिली. ती पिशवीत मावत नाही.

होड्या घेऊन जाणारे मच्छीमार एकमेकांच्या नजरेत राहतात. एकाचे इंजिन बंद पडले तर दुसरा दोर टाकतो. इस्रोने तटरक्षक दलासाठी केलेले संकटसूचक यंत्र, ज्याला सगळे ‘डॅट’ म्हणतात, त्याचे बटण दाबले की उपग्रहामार्फत नियंत्रण केंद्राला कळते. २०२४ च्या जानेवारीत आलेल्या नव्या यंत्रात तर तुमची हाक पोचली असा उलट निरोपही मिळतो. ज्यांच्या होडीवर ते आहे त्यांनी त्याला जपावे. पण त्या यंत्राचेही बटण कोणीतरी दाबावे लागते. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आले तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कित्येक मच्छीमार पाण्यावर होते आणि काठावरच्या बायका-माणसांना कोण कुठे गेला आहे हेच नीट सांगता येत नव्हते. काठावर ज्याला तुमची वेळ ठाऊक आहे, असा माणूस तुमच्याकडे आहे का? तुम्ही बेशुद्ध पडलात, तुमच्या अंगावरचे आणि पिशवीतले सगळे एकदम गेले, तरी जो घड्याळाकडे बघून उठेल, असा माणूस?

तो नुसता प्रेमाचा असून चालत नाही. त्याला माहिती असावी लागते. एका कागदावर लिहा: मी कुठे चाललो आहे, कोणत्या वाटेने, बरोबर कोण आहे, किती वाजता परतणार, आणि किती वाजेपर्यंत आलो नाही तर वाट बघणे थांबवून फोन करायचा. समुद्रावर जाणाऱ्यांनी खाली तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक लिहावेत, इतरांनी ११२. होडीचा रंग आणि नोंदणी क्रमांकही लिहावा, कारण शोधणारा पहिल्यांदा तेच विचारतो. हा कागद फोनमध्ये ठेवू नका. तो घरात, भिंतीला, कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवा, कारण फोन तुमच्याबरोबर गेलेला असेल.